राखेखालचे गाव

इटली हा युरोपातला देश. तिथे नापोली नावाचे मोठे बंदर आहे. इंग्रजीत त्याला नेपल्स म्हणतात. धक्क्यावर सदा वर्दळ असते. काप्री आणि इस्किया या बेटांकडे बोटी सुटतात. सिसिलीची मोठी जहाजे रात्री निघतात.

आम्ही तिथे गेलो, तेव्हा बरोबर वाटाड्या नव्हता. तिथली भाषाही आम्हांला येत नव्हती. मग वाट कोणी दाखवली? अक्षरांनी!

आपल्या रेल्वे स्टेशनच्या पाटीवर गावाचे नाव इंग्रजीतही असते ना? ती रोमन अक्षरे. इटलीची भाषा त्याच अक्षरांत लिहितात. निघण्यापूर्वी आम्ही काही शब्द वहीत उतरवून घेतले. 'बिनारिओ' म्हणजे फलाट. 'उशीता' म्हणजे बाहेर जाण्याची वाट. 'रितार्दो' म्हणजे उशीर. एवढ्यावर काम भागले.

आम्हांला पॉम्पेई हे जुने गाव बघायचे होते. नापोलीहून ते सुमारे २५ किलोमीटर. सोरेंतोकडे जाणारी लोकल गाडी तिथे थांबते. पण पॉम्पेई नावाची स्टेशने एकाहून जास्त आहेत. जुन्या गावाजवळच्या पाटीवर 'स्कावी' असा शब्द असतो. स्कावी म्हणजे उत्खनन, जमीन खणून काढलेले अवशेष. ती पाटी वाचली आणि आम्ही बरोबर ठिकाणी उतरलो.

इ. स. ७९ साली जवळचा व्हेसुव्हियस हा ज्वालामुखी डोंगर फुटला. राख आणि दगड यांखाली सारे गाव गाडले गेले. पुष्कळ माणसे मेली. १७४८ साली तिथे खोदकाम सुरू झाले. अजून गावाचा सुमारे तिसरा हिस्सा मातीखालीच आहे.

आम्ही गावातून चाललो. फरशीच्या रस्त्यांवर गाड्यांच्या चाकोऱ्या दिसतात. इथल्या एका भट्टीत ८१ पाव सापडले. जळून कोळसा झाले, तरी आकार कायम!

पण खरी नवलाई भिंतींवर आहे. 'अमक्याला निवडून द्या' असे भिंतीभिंतीवर रंगवलेले होते. फळे विकणाऱ्यांनी मिळून आपला उमेदवार सुचवला. बायकांना मत नव्हते. तरी काही बायकांनी आपल्या नावाने शिफारस लिहवली. राजा गेला, गाव गेले. त्या बायकांचे म्हणणे मात्र राहिले.

आणखी एक गोष्ट ऐका. डोंगर २४ ऑगस्टला फुटला, असे जुन्या पुस्तकांत आहे. २०१८ साली एका भिंतीवर कोळशाने लिहिलेली ओळ सापडली. तिच्यात १७ ऑक्टोबर ही तारीख निघाली. कोळशाचे अक्षर फार दिवस टिकत नाही. म्हणून गाव त्यानंतर लवकरच बुडाले असावे, असे अनेक विद्वान आता मानतात. कोणीतरी सहज लिहिले, आणि इतिहासाची तारीख हलली!

संध्याकाळी आम्ही नापोलीला परतलो. दुसऱ्या दिवशी तिथल्या संग्रहालयात गेलो. १९३८ साली पॉम्पेईत सापडलेली एक हस्तिदंती मूर्ती तिथे ठेवली आहे. ती भारतातून गेलेली. पुष्कळ लोक तिला लक्ष्मी म्हणतात. काहींच्या मते ती यक्षी आहे. तिच्या बुडाशी खरोष्ठी या जुन्या भारतीय लिपीतले अक्षर कोरले आहे. आपल्या जालना जिल्ह्यात भोकरदनला खोदकाम झाले. तिथेही तशाच घडणीच्या हस्तिदंती मूर्तीचा तुकडा मिळाला. त्या काळी आपला माल समुद्रावरून इतका दूर जात असे.

तुमच्या गावातही देवळाच्या पायरीवर, विहिरीच्या कठड्यावर काही कोरलेले असेल. जवळ जा आणि वाचून बघा. वाचता आले नाही, तर जसे दिसते तसे वहीत उतरवा आणि वर्गात आणा.

प्रश्न
१. स्टेशनवरची कोणती पाटी वाचून आम्ही उतरलो?
२. मत नसताना बायकांनी काय केले?
३. कोळशाच्या ओळीमुळे काय कळले?