मुलाचा अपुरा अभ्यास आणि आपली शिस्त

प्राथमिक शाळेतील मुलाचा अभ्यास अपुरा राहणे ही तक्रार नवी नाही. नवे आहे ते इतकेच की, या तक्रारीवर पिढ्यान् पिढ्या चालत आलेला उपाय आता कायद्याने बंद झाला आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा 2009 चा कायदा 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. त्याच्या 17 व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास या दोहोंनाही मनाई केली. छडी गेली हे योग्यच झाले. परंतु तिच्या जागी काय आणावयाचे याचा विचार फारसा झाला नाही. कोणी हाताऐवजी जीभ चालवू लागले, तर कोणी ‘आता काही करता येत नाही’ असे म्हणून मुलाकडे पाठच फिरवली. माझ्या मते ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षाही वाईट आहे. रागावणाऱ्याला निदान मुलाचे लिहिणे हवे असते.

हा प्रश्न केवळ शिक्षकांचा नव्हे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या खेड्यांतून महाविद्यालयात आलेल्या आपल्यापैकी कित्येकजण घरातले पहिलेच शिकलेले आहेत. सुट्टीत गावी गेले की धाकट्यांचा अभ्यास घेण्याचे काम दादाकडे नाहीतर ताईकडे येते. अर्धे पान लिहून मूल उठते, आणि मग आपणही आपल्या गुरुजींनी केले तेच करू लागतो. म्हणून या विषयाची थोडी छाननी करणे आवश्यक वाटते.

प्रथम एक साधे निरीक्षण नोंदवितो. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले पडू लागली की जंगलाकाठच्या गावांतील सात-आठ वर्षांची मुले पहाटेच आईबरोबर झाडाखाली जातात. टोपली भरेपर्यंत वेचत राहतात. मे महिन्यात तेंदूपानांचा हंगाम येतो. आपल्याकडे 70 पानांचा एक पुडा बांधतात, आणि तो बांधताना घरातील मुलेही पाने मोजू लागतात. हेच मूल शाळेत दहा ओळींचे शुद्धलेखन पुरे करीत नाही, म्हणून त्याला ‘आळशी’ ठरविले जाते. आळस हा जर स्वभाव असता तर तो मोहाच्या झाडाखालीही दिसला असता. तेव्हा दोष मुलाच्या स्वभावात शोधण्यापूर्वी या दोन कामांतील फरक शोधला पाहिजे.

मोह वेचताना काम कोठे संपते हे मुलाला डोळ्यांनी दिसते: झाडाखालची जमीन मोकळी होते, टोपली भरते. शेजारी मोठे माणूस तेच काम करीत असते. चूक झाली, कचरा आला, तर लगेच कळते आणि तेथल्या तेथे निवडून टाकता येते. शिवाय सारी बोलणी त्याच्या स्वतःच्या भाषेत चालतात. शुद्धलेखनाच्या वहीत यांपैकी काहीच नसते. एक पान संपले की गुरुजी दुसरे सांगतात. लिहिताना मूल एकटे असते. चूक दुसऱ्या दिवशी लाल शाईत दिसते. आणि भाषा परकी असते.

या शेवटच्या मुद्द्याजवळ थोडे थांबले पाहिजे, कारण आपल्या दोन जिल्ह्यांत तोच सर्वांत मोठा आहे. 2011 च्या जनगणनेनुसार गडचिरोली जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण 38 टक्क्यांहून अधिक होते. भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची या भागांत घरी माडिया किंवा गोंडी बोलणारी मुले पहिलीत येतात. गोंडी ही द्राविडी कुळातील भाषा. तिच्यात नामांचे स्थूलमानाने दोनच वर्ग: एक पुरुषांचा, दुसरा बाकी सर्वांचा. बाई, गाय, झाड, दगड ही सारी एकाच वर्गात. आता मराठीत ‘दगड पडला, फांदी पडली, झाड पडले’ ही तीन वाक्ये लिहिताना त्या मुलाला तीनदा थांबून विचार करावा लागतो. कधीकधी तर विचार करण्यापुरतेही काही हाती नसते, कारण दगडाने पुरुष का व्हावे आणि फांदीने बाई का व्हावे, याचे उत्तर आपणही देऊ शकत नाही. आपण जेथे एक काम करतो तेथे ते मूल तीन कामे करीत असते: अर्थ लावणे, रूप निवडणे आणि अक्षर काढणे. ते मागे पडते यात नवल नाही.

मराठीच बोलणाऱ्या मुलाचीही पूर्ण सुटका नाही. झाडीबोलीत ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘र’ होतो. घरी ‘पानी’ आणि ‘डोरा’ म्हणणारे मूल वहीत ‘पाणी’ आणि ‘डोळा’ लिहिताना अडखळते. प्रत्येक शब्दाला खोडरबर वापरू लागते आणि निम्म्यावरच वेळ संपतो. घरची बोली हसण्यावारी नेली की ते खोडणेही थांबते, आणि लिहिणेही.

मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करावी असे संविधानाचे 350-अ हे कलम 1956 पासून सांगत आले आहे. 2009 च्या कायद्याच्या 29 व्या कलमातही शक्य तेथवर मातृभाषाच माध्यम असावी असे म्हटले आहे. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने 2019 मध्ये स्वतःची गोंडी शाळा सुरू केली, तिच्यामागे हीच निकड होती. परंतु गावोगावी अशी शाळा होईपर्यंत आज पहिलीत बसलेल्या मुलाने काय करावे?

दुसरे कारण शरीराचे आहे, आणि ते पुष्कळदा नजरेतून सुटते. आपला भाग हिवतापाचा. सिकलसेलचा आजार असलेली मुलेही येथे आहेत, आणि रक्तक्षय तर घरोघरी. असे मूल अर्ध्या तासात थकते. कान वाहत असेल तर त्याला सूचना ऐकू येत नाही, दृष्टी अधू असेल तर फळ्यावरचे दिसत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली (2013) शाळांतून आरोग्य तपासणी होते. त्या दिवशी ‘हे मूल लिहिताना थकते’ एवढे वाक्य डॉक्टरांना सांगणे शिक्षकाला अशक्य नाही. तिसरी-चौथीत जाऊनही, भाषा समजत असूनही, अक्षरांची सतत उलटापालट होत असेल तर अध्ययन-अक्षमतेची शंका घ्यावी. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यात तिचा समावेश आहे. आळसाची शंका त्यानंतर घ्यावी.

मग शिस्तीला जागा उरते की नाही? अवश्य उरते. पण शिक्षा आणि शिस्त या दोन वेगळ्या वस्तू आहेत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक यांनी प्रारंभी असे मानले होते की, बक्षिसाने सवय जितकी पक्की होते तितकीच शिक्षेने ती ढिली होते. 1930 नंतरच्या दशकात, स्वतःच्याच प्रयोगांवरून, त्यांनी या नियमाचा दुसरा अर्धा भाग मागे घेतला. शिक्षेने वागणे काही काळ दबते. नवे काही शिकविले जात नाही. अभ्यासाच्या बाबतीत तर उलटेही घडते. वही अपुरी म्हणून मुलाला वर्गाबाहेर उभे केले, तर नकोसे वाटणारे काम टळले हे त्याला बक्षीसच झाले! ‘शंभर वेळा लिही’ ही शिक्षा लिहिण्यालाच शिक्षा करून टाकते. आणि आश्रमशाळेत घरापासून दूर राहणाऱ्या मुलाला फार अपमान झाला तर एक वाट नेहमीच मोकळी असते: जंगलातून पायी घरी जाण्याची. अशी गेलेली सगळीच मुले परत येत नाहीत.

या बाबतीत महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला झालेले काम आपल्याला जवळचे वाटावे असे आहे. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी. पुढे हे काम कोसबादच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये गेले. मुले शाळेत येत नाहीत, कारण ती गुरे राखतात, असे दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. गुरे चरतात तेथेच शाळा नेली. तिला ‘कुरणशाळा’ म्हणत. शिस्त तेथेही होती. मात्र मुलाच्या दिवसात कोणते काम आधीपासून आहे हे पाहून ती बसविलेली होती.

आता आपल्या ओसरीवर काय करता येईल ते पाहू. समजा, दुसरीतल्या भावाला दहा ओळी उतरवून काढावयाच्या आहेत आणि तो तिसऱ्या ओळीला उठतो. प्रथम तो मजकूर काय आहे हे त्याला घरच्या भाषेत सांगावयास लावावे. सांगता आले नाही तर अडचण भाषेची आहे, आणि त्या दिवशी लिहिण्याचा आग्रह व्यर्थ आहे. आधी अर्थ सांगावा. सांगता आले तर चार ओळींखाली पेन्सिलीने रेघ मारून ‘येथवर’ असे म्हणावे. ही त्याची टोपली. आपण शेजारी आपले पुस्तक घेऊन बसावे. मध्येच प्रत्येक अक्षराला टोकू नये. रेघ आली की दोनच चुका दाखवाव्या, बाकीच्या उद्यासाठी ठेवाव्या. चार ओळी झाल्या की खेळ. न झाल्या तर खेळ थांबेल, पण जेवण थांबणार नाही आणि आवाज चढणार नाही. ‘चार ओळी राहिल्या आहेत’ एवढेच शांतपणे पुन्हा सांगावे, आणि पाहुणे आले म्हणून किंवा तो रडला म्हणून त्या चाराच्या दोन करू नयेत. येथे मऊपणा दाखविणारे दादा-ताई पुष्कळ असतात. रोज बदलणारा नियम मुलाला छडीइतकाच गोंधळात टाकतो.

वेळही पाहावी. दिवसभर शेळ्यांमागे फिरलेल्या मुलाला रात्री आठ वाजता वहीपुढे बसविण्यात अर्थ नाही. सकाळी न्याहारीपूर्वीची वीस मिनिटे अधिक उपयोगी पडतात. शेजारच्या मुलाची वही आणून तुलना करण्याचा मोह टाळावा. ‘हुशार आहेस’ असे मोघम म्हणण्यापेक्षा ‘आज ळ नीट निघाला’ असे म्हणावे. उद्या पुन्हा काय करावयाचे ते त्याला त्यातून कळते.

आठ दिवसांनी चाराच्या पाच ओळी कराव्या, महिन्याने सात. मोहफुलांच्या दिवसांत मात्र मूल पहाटेच उठून दमलेले असते. तेव्हा न्याहारीपूर्वीची वेळ सोडून दुपारच्या विसाव्यानंतर बसावे, आणि तेवढे पंधरा-वीस दिवस चारच ओळी ठेवाव्या.