पान बघून वेल ओळखायची घाई नको



भाद्रपद-आश्विनात शाळेच्या कुंपणावर निळ्या-तांबड्या फुलांच्या वेली चढलेल्या असतात. परिसर अभ्यासाला याहून सोपं, फुकटचं साहित्य नाही. पण त्या शिकवताना मी एक चूक केली होती, ती आधी सांगते.

चौथीच्या वर्गाला मी ठणकावून सांगितलं होतं, "तीन पाळ्यांचं पान म्हणजे काळादाणा." दुसऱ्या दिवशी एका मुलीने वहीत एकाच वेलीला बदामी पानंही काढली आणि तीन पाळ्यांचीही. मी म्हटलं, "अगं, दोन वेली गुंतल्यात," आणि चित्रावर फुली मारली. मधल्या सुट्टीत ती मला कुंपणाशी घेऊन गेली. मुळापासून शेंड्यापर्यंत तिने वेलीवरून बोट फिरवलं. "बाई, कुठे जोड आहे?" वेल एकच होती! आठवड्याभराने फुलली ती तांबडी. काळादाणा नव्हताच तो, लाल पुंगळी होती. वर्गासमोर मी फुली खोडून 'बरोबर' लिहिलं.

लाल पुंगळीचं पान अखंड बदामीही असतं आणि पाळ्यांचंही, कधी एकाच वेलीवर. काळादाण्याचं पान बहुधा तीन पाळ्यांचं, पण त्याचंही अधूनमधून अखंड निघतं. म्हणून पान बघून अंदाज करा, निकाल फुलावर सोडा.

फूल हातात आलं की मुलं रंगावर थांबतात. त्यांना फूल उलटं करायला सांगा. मागे पाच हिरवी निदलं दिसतील. काळादाण्याची निदलं लांब, टोकाकडे शेपटीसारखी निमुळती आणि बुडाशी दाट केसाळ असतात. ही खूण फार कामाची आहे, कारण अंगणात हौसेने लावलेली जांभळी मॉर्निंग ग्लोरी (आयपोमिया पुरपुरिया) पुष्कळदा काळादाणा समजली जाते. तिचीही निदलं केसाळच, पण आखूड. तशी लांब शेपटी नसते. निळा रंग मात्र फसवा. काळादाण्याचं सकाळचं निळं फूल कोमेजताना गुलाबी-जांभळं होतं, आणि मुलं त्याला वेगळी वेल समजतात.

लाल पुंगळी आणि गणेशवेल या दोघींची फुलं छोटी, तांबडी, बारीक नळीची. पुंकेसर नळीबाहेर डोकावतात. इथे मात्र पानच कामाला येतं. गणेशवेलीचं पान कंगव्यासारखं बारीक चिरलेलं, त्यात गोंधळ होत नाही. (पान बघू नका म्हणून आत्ताच सांगितलं आणि लगेच पान बघायला लावलं, हे मुलं बरोब्बर पकडतात. पकडू द्या.)

बांधावरची चांदवेल याच कुळातली. तिचं फूल पांढरं-गुलाबी, लहान. भिंग असेल तर फुलाच्या मधोमध बघा: चांदवेलीची कुक्षी दोन बारीक धाग्यांची, काळादाण्याची गोळीसारखी. गोकर्णही मुलं यांच्यात घुसवतात. निळी असली तरी ती वालाच्या कुळातली, तिला चपटी शेंग येते.

रताळं आणि नाळीची भाजी यांच्याच बहिणी आहेत, हे सांगितलं की वर्गात गलका होतो. पण तिथेच सावध राहा. "मग हिच्या बिया खाल्ल्या तर?" हा प्रश्न येतोच. काळादाण्याचं बी जोरदार रेचक आहे, लहान मुलांना त्याचा त्रास होऊ शकतो. वेल ओळखता आली तरी तोंडात काही घालायचं नाही, हे निघण्याआधीच बजावा, परतल्यावर हात धुवायला लावा.

आणि हा तास पहिल्या दोन तासिकांतच घ्या. उन्हं चढल्यावर गेलात तर मिटलेल्या छत्र्या तेवढ्या दिसतील. फुलं तोडायला लावू नका. वेलीवरच फूल उलटं करून बघितलं तरी निदलं मोजता येतात.