तांबी बसवली, पुढे काय?

"सिस्टर, तांबी बसवल्यावर बाईनं लावणीला कधी उतरायचं?"

विचारणारी रामनगरची सून, आशाताई म्हणून नुकतीच कामाला लागलेली. उत्तर देणाऱ्या सिस्टरांची नोकरीची बहुतेक वर्षं जोयडा तालुक्यातच गेलेली. मृग बरसून गेला होता, त्यामुळे प्रश्न पुस्तकातला नव्हता.

"दुसऱ्या दिवशीसुद्धा. पोटात कळा येत असतील तर एक-दोन दिवस आराम करावा, बस. डोक्यावर लाकडाचा भारा घेतला म्हणून तांबी सरकत नाही, चिखलात उभं राहिलं म्हणून गंजत नाही. तेवढे दोन दिवस नवऱ्यापासून लांब राहा म्हणावं."

"आणि ती वर चढून काळजाला लागते म्हणतात, ते?"

"गर्भाशयातून काळजाकडे वाटच नाही. क्वचित, हजारात एखादीला, बसवताना गर्भाशयाला छिद्र पडून ती पोटात जाते. सोनोग्राफी किंवा एक्स-रेत ते दिसतं. एरवी सुटायची झालीच तर खाली, योनीतून सुटते. त्यातही बहुतेक वेळा पहिल्या तीन महिन्यांत, पाळीच्या दिवसांत. म्हणून त्या दिवसांत कपडा किंवा पॅड टाकण्याआधी एकदा बघायचं."

ही भीती काही आकाशातून पडलेली नाही. १९६५ साली सरकारनं देशभर 'लूप' आणला. लिप्पेस लूप म्हणजे नागमोडी प्लॅस्टिक, त्यात तांबं नव्हतं. सुरुवातीला बायका मोठ्या संख्येनं पुढे आल्या. मग रक्तस्रावाच्या तक्रारी वाढल्या, बसवून झाल्यावर विचारपूस करणारी व्यवस्था तोकडी पडली, अफवा पसरल्या आणि काही वर्षांतच लूपची मागणी ओसरली. साधनापेक्षा नंतरची हयगय जास्त नडली, असंच म्हणावं लागतं. आजेसासवांच्या तोंडी जे आहे ते तिथून आलेलं.

जोयड्यात ही हयगय आणखी महागात पडते. क्षेत्रफळानं उत्तर कन्नडातला हा सर्वांत मोठा तालुका, पण २०११ च्या जनगणनेत वस्ती पन्नास हजारांच्या आसपास. बाकी जंगल, काळी व्याघ्र प्रकल्प आणि सुपा धरणाचं पाणी. कुणबी आणि गवळी वाडे एकमेकांपासून लांब. 'काही वाटलं तर लगेच या' हा सल्ला इथे अर्धवट ठरतो. घरी काय सोसायचं, कशासाठी पुढच्या फेरीपर्यंत थांबायचं आणि कशासाठी रात्रीच निघायचं, हे वेगवेगळं सांगावं लागतं.

"पहिल्या दोन-तीन पाळ्या जड जातात, हे आधीच सांगून ठेव," सिस्टर म्हणाल्या. "अंगावरून जास्त जातं, मध्येच डाग दिसतो, पोट दुखतं. तीन ते सहा महिन्यांत कमी होतं. आयबुप्रोफेन चालतं, पण जेवून, आणि अल्सर किंवा त्या गोळीची अ‍ॅलर्जी नसेल तरच. आधीच रक्त कमी असेल तर हिमोग्लोबिन बघून लोहाच्या गोळ्या द्यायच्या."

"जास्त म्हणजे किती?"

"पाळी आठ दिवसांच्या पुढे गेली किंवा नेहमीच्या दुप्पट जायला लागलं, तर दाखवायचं. तासाला एक पॅड भिजतंय आणि असं दोन तास चाललंय, तर वाट बघायची नाही."

मग आशाताईनं तांबीच्या दोऱ्याचं विचारलं. हे विचारताना तिचा आवाज जरा खाली आला.

"त्यात लाजायचं काय? हात साबणानं धुवायचे, उकिडवं बसायचं, मधलं बोट आत घालायचं. नाकाच्या शेंड्यासारखं टणक लागतं ते गर्भाशयाचं तोंड. तिथे दोऱ्याचं टोक जाणवतं. पाळी गेल्यावर बघितलं तर सोपं. ओढायचा मात्र नाही. दोरा लागला नाही, आधीपेक्षा लांब वाटला किंवा प्लॅस्टिकचं कडक टोक बोटाला लागलं, तर तपासून घ्यायचं आणि तोवर निरोध वापरायचा. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत बसवलेली असेल तर सुरुवातीला दोरा लागत नाही, त्यानं घाबरायचं नाही. ज्या बाईला हे करायचंच नाही तिच्यावर जबरदस्ती नको; तपासणीला आली की आम्ही बघतो."

"नवऱ्याला टोचतो म्हणतात."

"काही आठवड्यांत मऊ पडतो. नाहीच पडला तर दवाखान्यात आखूड करून मिळतो. त्यासाठी तांबी काढायची गरज नसते."

पहिली तपासणी एक पाळी होऊन गेल्यावर, चार ते सहा आठवड्यांत. बाळंतपणात बसवलेली असेल तर सहाव्या आठवड्यात, आणि इथे सिस्टरांची युक्ती कामाची आहे: बाळाची दीड महिन्याची लस तेव्हाच असते. एकाच बसभाड्यात दोघांचंही होतं.

"आता रात्री निघायचं ते सांगा."

"ताप, थंडी, ओटीपोटात वाढतं दुखणं, घाण वासाचा स्राव. जंतुसंसर्गाचा धोका पहिल्या तीन आठवड्यांत सर्वांत जास्त, तेव्हा त्या दिवसांत विशेष लक्ष ठेव. दुसरं, पाळी चुकली तर त्याच आठवड्यात लघवीची तपासणी. तांबी असून दिवस राहणं वर्षाला शंभरात एकीलाही होत नाही, पण राहिलेच तर गर्भ नळीत तर नाही ना, हे बघावं लागतं. पाळी चुकलीय, एका बाजूला जोरात दुखतंय, चक्कर येतेय, तर १०८ लावायचा. वाड्यावर रेंज नसेल तर गाडी कुणाची, हे आधीच ठरवून ठेवायला सांग."

बसवल्याची तारीख आणि प्रकार तायी (माता) कार्डावर लिहून घ्यावा, असंही त्यांनी बजावलं. कॉपर-टी ३८० ए दहा वर्षं चालते, ३७५ पाच वर्षं; कार्ड हरवलं की बाई अंदाजानं वर्षं मोजत बसते. तांबीनं एचआयव्ही किंवा गुप्तरोग अडत नाहीत, हेही सांगायचं राहता कामा नये. नवरा गोव्यात कामाला असो की गावात, शंका असेल तिथे निरोध हवाच.

"आणि मूल हवं असेल तर? काढल्यावर किती महिने थांबायचं?"

"थांबायचं कशाला? काढल्या महिन्यातही दिवस राहू शकतात. फक्त घरी दोरा ओढून काढू नको म्हणावं, दवाखान्यात दोन मिनिटांचं काम आहे. आणि मूल नको असून काढायची असेल, तर दुसरं साधन कुठलं घेणार, हे काढायच्या आधी विचार."