आबांचा चष्मा

2025च्या फेब्रुवारीत आमचे आबा गेले. माझे सासरे. हळदीची काढणी ऐन भरात होती आणि आमच्या वारंगा फाट्याच्या भोवतालच्या शिवारात जागोजागी कुकर लावून हळद शिजवणं चालू होतं. त्या वासाने मला अजून ते दिवस आठवतात.

फाटा तुम्ही पाहिला असेल. नांदेडकडून आलेला रस्ता इथे फुटतो. एक हिंगोली-वाशीमकडे जातो, दुसरा हदगाव, उमरखेडवरून यवतमाळकडे. गाड्या थांबतात, लोक गरम खिचडी खातात आणि पुढे निघतात. आबा रोज संध्याकाळी आमच्या धाकट्याला घेऊन रस्त्याकडेला बसायचे आणि दोघं गाड्यांच्या पाट्या वाचायचे. वाचायच्या आधी धाकट्याने आजोबांचा चष्मा सदऱ्याच्या टोकाला पुसून द्यायचा, हा रोजचा नेम. पोरगं वाचायला शिकलं ते शाळेत कमी आणि त्या पाट्यांवर जास्त.

आबा गेले तेव्हा तो सात वर्षांचा होता.

आपण मोठी माणसं अशा वेळी काय करतो? घर माणसांनी भरलेलं असतं, फोन वाजत असतात, चहाचं आधण सारखं चढवावं लागतं. मुलांना कोणीतरी शेजारी नेऊन बसवतं. ती खेळताहेत, जेवताहेत असं दिसलं की आपल्याला हायसं वाटतं. मलाही वाटलं होतं. ‘लहान आहे, त्याला काय कळतंय,’ असं मी स्वतः दोन-तीन जणींना सांगितलं.

त्या रात्री तो झोपेचना. थोपटलं, गोष्ट सांगितली, तरी टक्क जागा. पहाटे दोनच्या सुमाराला हळूच म्हणाला, ‘आई, मी झोपलो तर मला पण पेटीत ठेवाल?’

मला क्षणभर काही उमजलंच नाही. मग लक्षात आलं. आम्हा ख्रिस्ती माणसांची बोलायची रीतच तशी आहे. माणूस मेला असं आम्ही म्हणत नाही. ‘प्रभूमध्ये निद्रिस्त झाले’ म्हणतो. दिवसभर येणारा प्रत्येक जण तेच म्हणत होता, निधनाच्या निरोपातही तेच लिहिलं होतं. मोठ्यांच्या कानाला हा शब्द मायेचा लागतो. सात वर्षांच्या मुलाला त्यातून एवढंच कळलं, की आबा झोपले आणि लोकांनी त्यांना पेटीत घालून मातीत पुरलं.

दुसऱ्या दिवशी एका नातेवाईक बाईंनी त्याला कुशीत घेऊन सांगितलं, ‘बाळा, चांगली माणसं देवाला लवकर आवडतात.’ त्यांचं मन अगदी सोन्यासारखं. पण त्यानंतर आठवडाभर हा मुद्दाम हट्ट करायचा, ताट सरकवून द्यायचा, अभ्यासाची वही लपवायचा. मी दमलेले होते. शाळेतल्या नोकरीवरून येऊन स्वयंपाक, सासूबाईंची औषधं, पाहुणे. दोनदा तर मी त्याला रागावले. पुढे एकदा बोलता बोलता त्यानेच सांगितलं, ‘मी चांगला वागलो तर देव मला नेईल ना.’

म्हणून तुम्हाला एवढंच सुचवावंसं वाटतं, की मुलांशी साधा शब्द बोला. ‘आबा वारले. त्यांचं शरीर थांबलं. आता त्यांना दुखत नाही, भूक लागत नाही, मातीत थंडी वाजत नाही.’ बोलताना जीभ अडखळते, हे मी जाणते. पण मी असं बोलले त्या रात्री तो माझा हात धरून झोपी गेला. झोपण्याआधी एकदा विचारलं मात्र, ‘मग आपण झोपतो ते वेगळं?’ म्हटलं, ‘अगदी वेगळं. तू सकाळी उठून दूध पिणार आहेस.’

रडण्याचंही तसंच झालं. मी न्हाणीघरात नळ सोडून रडायचे. आमचे हे तर रडलेच नाहीत. ‘आपण विश्वासातली माणसं, आपल्याला आशा आहे,’ असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिले. प्रेषित पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका असं कळवलं, ते आपण अर्धंच ध्यानात ठेवतो आणि शोकच करायचा नाही असं धरून बसतो. मग मूल घरातले कोरडे चेहरे बघतं आणि त्याला वाटतं, की आबांची आठवण फक्त मलाच येते.

मला यातून बाहेर काढलं ते लाजराच्या गोष्टीने. लाजर मेला होता, त्याच्या बहिणी मार्था आणि मरिया आक्रोश करत होत्या. आपण त्याला थोड्या वेळात जिवंत करणार हे येशूला ठाऊक होतं. तरीही कबरेकडे जाताना त्याचे डोळे वाहिले. लहानपणापासून ही गोष्ट ऐकली होती, पण आबांच्या रिकाम्या खाटेकडे बघत वाचली तेव्हा ती मला पहिल्यांदा कळली. त्या संध्याकाळी मी धाकट्याजवळ बसून पदराने डोळे पुसले आणि त्याला पुसताना बघू दिलं. तो उठून गेला, तांब्या भरून आणला आणि म्हणाला, ‘पाणी पी.’

मग ईस्टर आला. 20 एप्रिल. आमच्यात पुनरुत्थानाच्या रविवारी पहाटे कबरींपाशी जाऊन उपासना करतात. आबांना नांदेडला माती दिलेली, म्हणून आम्ही अंधारातच निघालो. अर्धापूर मागे पडलं तेव्हा कुठे पूर्वेला फटफटायला लागलं. धाकटा खिशावर हात दाबून बसला होता. मला वाटलं, गोळ्या असतील.

गाणी झाली, प्रार्थना झाली. लोक आपापल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावायला पांगले. तेव्हा त्याने खिशातून आबांच्या चष्म्याची डबी काढली, चष्मा सदऱ्याला पुसला आणि कबरेच्या उशाला ठेवला. ‘आबा उठल्यावर त्यांना दिसलं पाहिजे ना,’ तो म्हणाला.

माझे हातपाय गळाले. चूक आमचीच होती. येशू तिसऱ्या दिवशी उठला, आबाही उठतील, असं आम्ही त्याला सांगितलं होतं आणि पुढच्या कामाला लागलो होतो. त्याने तीन दिवस मोजले होते. काही झालं नाही, तेव्हा ईस्टरची वाट बघत राहिला. दोन महिने एवढंसं पोर एकटं वाट बघत होतं आणि आम्ही त्याच घरात होतो.

हे तिथेच मातीत बसले. त्याला मांडीवर घेतलं आणि म्हणाले, ‘मलाही वाटतं रे, आबा आत्ता उठावेत.’ एवढं बोलले आणि मुलासमोर, बापाच्या कबरेपाशी, ढसाढसा रडले. मग आवाज सावरून सांगितलं, ‘आबा आज उठणार नाहीत. कधी उठतील तो दिवस मला माहीत नाही, कोणालाच माहीत नाही. येशू उठला यावर माझा विश्वास आहे. त्याने आबांनाही उठवीन म्हणून शब्द दिलाय. मी त्या शब्दावर थांबलोय.’

‘मग चष्मा?’

‘तोवर तू सांभाळ.’

परतताना तो गाडीत गाढ झोपला.

जूनमध्ये पुन्हा बेणं लावायचे दिवस आले. मला वाटलं, आता याला नीट समजावून देऊ. बांधावर नेलं आणि दाखवलं: बघ, हे बेणं मातीत पुरतात आणि त्यातून नवी हळद उगवते, आपलंही तसंच. त्याने ते हातात घेऊन उलटसुलट बघितलं. ‘पण आई, हे मेलेलं नाहीये. याला डोळे आहेत. कुजलेलं बेणं उगवत नाही, आबांनीच सांगितलं होतं.’

खुद्द पौलाने बियाण्याचा दाखला दिला आहे आणि मोठ्या माणसाला त्यात पुष्कळ सापडतं. पण शेतकऱ्याच्या नातवाचं म्हणणंही खरं होतं. मेलेलं उठणं हा निसर्गाचा नेम नाही. सूर्य उगवतो, पालवी फुटते, तसंच हे आपोआप होतं असं सांगितलं, की मूल एक दिवस आपल्याला खोटं पाडतं. पुनरुत्थान ही बातमी आहे. ती कोणीतरी आणली, कोणीतरी ऐकली आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्यांचाही तिच्यावर विश्वास बसला नाही.

आता मी त्याला ती बातमीसारखीच सांगते. भल्या पहाटे काही बाया सुगंधी द्रव्यं घेऊन येशूच्या कबरेकडे निघाल्या. आपल्या माणसाची शेवटची सेवा करायची, एवढंच त्यांच्या मनात होतं. वाटभर त्यांना घोर, की दारावरची ती मोठी धोंड कोण लोटणार? जाऊन बघतात तर धोंड बाजूला आणि आत त्याचं शरीर नाही. त्या घाबरल्या. मग्दालीया मरिया बाहेर रडत उभी होती. समोर आलेल्या येशूलाच ती माळी समजली. त्याने तिला नावाने हाक मारली, तेव्हा तिने ओळखलं.

इथे धाकटा दरवेळी मला थांबवतो. ‘आबा मला नावाने हाक मारतील?’

‘मारतील. माझा तसा विश्वास आहे.’

‘विश्वास आहे’ हे शब्द मी मुद्दाम वापरते. डोळ्यांनी बघितल्यासारखं सांगत नाही, आणि उगीच कचरतही नाही.

साध्या शब्दांचं बोलताना पंडिता रमाबाईंची आठवण येते. 1874च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांचे आईवडील गेले. भाऊ गेला. 1882च्या फेब्रुवारीत नवरा गेला, तेव्हा मनोरमा जेमतेम दहा महिन्यांची होती. त्या लेकीला घेऊन या बाईने सगळं उभं केलं, केडगावचं मुक्ती मिशनसुद्धा. अडाणी बाईलाही वाचून कळावं म्हणून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबल सोप्या मराठीत आणण्याचं काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं. 1921च्या जुलैत मनोरमाही गेली, चाळिशीची. रमाबाई कामाला लागल्याच. 5 एप्रिल 1922ला त्या गेल्या, त्या वर्षीच्या ईस्टरच्या अकरा दिवस आधी. लेकीमागे ते आठ-नऊ महिने त्या कशा जगल्या असतील, हे माझ्या मनात फार येतं. कबरेपाशी रडणाऱ्या मरियेची गोष्ट साध्या मराठीत आणताना त्यांना काय काय आठवलं असेल!

आबा गेले त्याच वर्षीच्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतल्या एका मुलाचे वडील रस्त्यावर अपघातात गेले. धाकट्याच्याच वर्गातला मुलगा. धाकटा घरी येऊन म्हणाला, ‘मी त्याला सांगितलं, तुझे बाबा पण उठतील.’

माझ्या पोटात गोळा आला. त्याला गप्प करावं असं पटकन मनात आलं, कारण लोक काय म्हणतील! आपल्याला ही भीती असतेच. पण त्याने मित्राला आपल्याजवळचं सगळ्यात मोठं दिलं होतं. मी त्याला जवळ घेतलं. म्हटलं, ‘तुला वाटलं ते तू सांगितलंस. आता त्याच्या शेजारी बस. त्याला खेळायचं असेल तर खेळ, रडायचं असेल तर थांब. आणि त्याच्या घरचे त्याला जे सांगतात, तेही ऐक.’

मी भाकरी आणि वरण घेऊन त्या मुलाच्या आईकडे गेले. फेब्रुवारीत आमच्या घरी चूल बंद होती, तेव्हा कडू घास याच ताईंनी आणला होता, पिठलं आणि भाकरी. मी त्यांच्यापाशी बसले. पत्रकं नेली नाहीत, वचनं सुनावली नाहीत. आमच्यातली काही भली माणसं अशा घरी शुभवर्तमान घेऊन लगेच पोचतात. त्यांची कळकळ मला कळते, पण दुःखाने दार उघडं पडलेल्या घरात घाईने शिरू नये असं मला मनापासून वाटतं. मार्था वाटेत भेटते तेव्हा येशू आधी तिचं ऐकून घेतो. तू वेळेवर का आला नाहीस, हा तिचा बोलसुद्धा ऐकून घेतो.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी ताई आमच्या ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनीच विचारलं, ‘तुमच्यात मेलेलं माणूस पुन्हा भेटतं म्हणतात. तुम्हाला खरंच वाटतं?’

‘वाटतं,’ मी म्हटलं. ‘काही रात्री वाटत नाही. सकाळी प्रार्थना करते, मग पुन्हा वाटतं.’ आणि त्या पहाटेची, बायांची, धोंडेची गोष्ट सांगितली. जेवढी मुलाला सांगते तेवढीच.

त्या ऐकत राहिल्या. मग नामदेवांच्या नरसीला जाऊन आल्यावर त्यांना कसं हलकं वाटलं होतं, ते बोलल्या. मी ऐकलं. समोर दोन्ही पोरं रस्त्याकडेला बसून गाड्यांच्या पाट्या वाचत होती. आमचा अडला की त्यांचा सांगायचा.

दिवेलागणीला त्या उठल्या. जाताना म्हणाल्या, ‘ती गोष्ट पुन्हा एकदा सांगा कधी.’

आबांचा चष्मा कपाटात आहे, बायबलच्या शेजारी. धाकटा तो रोज काढत नाही. मधूनच एखाद्या रविवारी डबी उघडतो, काचा सदऱ्याच्या टोकाला पुसतो, उजेडात धरून बघतो आणि परत ठेवून देतो.