वार्षिकांकाच्या नव्या संपादिकेस

सीताबर्डी, नागपूर



महाविद्यालयाच्या वार्षिकांकाचे विद्यार्थी-संपादकपद चिरंजीव भाचीकडे आले, हे वर्तमान घरात सर्वांना आनंद देणारे ठरले. वार्षिकांक म्हणजे विद्यार्थ्यांचे लेखन वर्षातून एकदा छापणारे महाविद्यालयाचे नियतकालिक; परंतु पुष्कळ ठिकाणी तो शुभेच्छा, स्नेहसंमेलनाची छायाचित्रे आणि हाती आलेल्या कविता यांनीच भरतो, आणि ज्याचे नाव छापले गेले त्या विद्यार्थ्याला आपले लेखन कोणी लक्षपूर्वक वाचले की नाही, हे कधीच कळत नाही.

संपादकाचे पहिले काम छापण्याचे नसून वाचण्याचे आणि वाचून लेखकाला उत्तर देण्याचे आहे. 1982 मध्ये बंद पडलेल्या ‘सत्यकथा’ मासिकाचा दबदबा श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन या संपादकांच्या याच शिस्तीवर उभा होता; तेथे नवख्या लेखकाच्या हस्तलिखितावर सविस्तर चर्चा होई आणि प्रसंगी पुनर्लेखनही सुचवले जाई. नागपुरात शिकलेल्या महेश एलकुंचवारांची ‘सुलतान’ ही एकांकिका 1967 मध्ये त्याच मासिकात आली, दिग्दर्शिका विजया मेहता यांनी ती वाचली आणि एका तरुण नाटककाराला रंगभूमी मिळाली. म्हणून ‘साभार परत’, म्हणजे नकाराची ठरावीक चिठ्ठी, न धाडता कोणते कडवे जिवंत आहे व कथा कोठे सैल पडली हे लिहून कळवावे. असे उत्तर मिळालेला विद्यार्थी पुन्हा लिहितो, आणि वार्षिकांकाचे खरे यश तेच आहे.

महाविद्यालयातून केवढे कार्य उभे राहू शकते, हे औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाने दाखवले. तेथील अध्यापकांच्या पुढाकारातून आलेले ‘अस्मितादर्श’ हे त्रैमासिक मूळच्या नागपूरच्या गंगाधर पानतावणे यांनी दीर्घकाळ चालवले, आणि ज्यांना प्रस्थापित मासिकांत जागा नव्हती अशा दलित तरुणांच्या पिढ्या त्यातून लिहित्या झाल्या. सीताबर्डीची परंपराही लहान नाही: 1885 मध्ये स्थापन झालेले मॉरिस कॉलेज याच परिसरातले, आणि 1923 मध्ये अमरावतीस जन्मलेल्या विदर्भ साहित्य संघाचे कार्यालयही आज येथेच आहे. वार्षिकांकातले उत्तम लेखन संघाच्या ‘युगवाणी’ या नियतकालिकाकडे पाठवण्याचा प्रघात पाडला, तर विद्यार्थ्याला पुढची पायरी दिसेल.

भाषेच्या बाबतीत विशेष जपावे. गडचिरोली, गोंदियाकडून आलेला वसतिगृहातला मुलगा झाडीबोलीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या मराठीत, किंवा अकोल्याची मुलगी वऱ्हाडीत संवाद लिहील, तेव्हा ते ‘शुद्ध’ करण्याचा मोह अनावर होतो. पण त्या दुरुस्तीने पात्राचा आवाजच जातो, आणि असा आवाज पुन्हा मिळवता येत नाही. मुद्रितशोधन, म्हणजे छपाईपूर्वी कच्च्या प्रतीतील चुका सुधारणे, शक्यतो लेखकाकडूनच करून घ्यावे.

लेखन मागवण्यास परीक्षेच्या तोंडावर नव्हे, तर गणपतीच्या आधीच आरंभ करावा, कारण एका कथेचे दोन-तीन खर्डे होण्यास तेवढे महिने लागतात. पाने कमी पडली तर शुभेच्छांची कमी करावीत.