अभंगाच्या चालीवर प्रार्थना

रायपूरच्या पश्चिमेस सुमारे ७० किलोमीटरवर राजनांदगाव आहे. आज छत्तीसगड राज्यात जिल्ह्याचे ठिकाण असलेले हे गाव इंग्रजी अमदानीत एका लहानशा संस्थानाची राजधानी होते. १८९३ च्या सुमारास नारायण वामन टिळक नोकरीसाठी तेथे निघाले असता आगगाडीत त्यांना एक युरोपीय गृहस्थ भेटला. बोलणे काव्यावरून धर्माकडे वळले, आणि निरोप घेताना त्याने ‘नव्या करारा’ची एक प्रत टिळकांच्या हाती दिली. त्यातील गिरिप्रवचनाने हा संस्कृतज्ञ कवी भारून गेला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. या धर्मांतराची कौटुंबिक बाजू लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे मराठी वाचकाला परिचित आहे. येथे आपल्याला पाहावयाचे आहे ते, या घटनेने मराठी उपासनेच्या गाण्याला काय दिले, एवढेच.

तोपर्यंत मंडळीत गाइली जाणारी बरीच गीते इंग्रजी गीतांची भाषांतरे असत, व ती मूळच्याच चालींवर बसविलेली असत. अडचण भाषांतराच्या बरेवाईटपणाची नव्हती. ती चालीतच होती. इंग्रजी पद्य आघातावर चालते, आणि त्याच्या सुरावटीत प्रत्येक स्वराची लांबी आधीच ठरलेली असते. चार निरनिराळ्या आवाजांनी एकाच वेळी गावयाचे असल्याने ती कोणा एकास बदलताही येत नाही. मराठी शब्दाला मात्र ऱ्हस्वदीर्घाचे स्वतःचे वजन आहे. ‘सुत’ म्हणजे पुत्र आणि ‘सूत’ म्हणजे धागा. नेमका पहिल्या अक्षरावर लांब स्वर आला, तर देवाच्या पुत्राचा धागा व्हावयास वेळ लागत नाही! भाविक श्रोता हसत नसेल. पण शब्द त्याच्या मनात उतरतही नाही.

अभंगात उलट घडते. मोठ्या अभंगाच्या चार चरणांत सहा, सहा, सहा व चार अशी अक्षरे असतात आणि दुसऱ्या व तिसऱ्या चरणांत यमक जुळते. बंधन एवढेच. कोणते अक्षर लांबवावयाचे, कोठे थांबावयाचे, हे गाणारा अर्थ पाहून ठरवितो. म्हणजे येथे नमते घेते ती चाल, शब्द नव्हे. शिवाय ध्रुवपद सर्वांनी मिळून म्हणावयाचे असल्याने ज्याला अक्षरओळख नाही, तोही दुसऱ्या कडव्यापासून सामील होतो. खेड्यातील मंडळीच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नव्हती.

हा मार्ग सर्वस्वी नवा होता, असे मात्र नाही. गोव्यात फादर स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ ओवीतच रचले व ते १६१६ साली छापले गेले. अहमदनगरकडे टिळकांपूर्वीच कृष्णराव सांगळे देशी चालींवर पदे रचीत होते, आणि ख्रिस्ती कीर्तनही उभे राहिले होते. टिळकांनी आणली ती भक्तीची भाषा. आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकारामाच्या वाटेने, अशी त्यांची धारणा होती. म्हणून त्यांच्या पदांत ख्रिस्त कधी गुरू, तर कधी माउली होऊन येतो. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना-संगीत’ या संग्रहात त्यांची दोनशेहून अधिक पदे आहेत.

वाद्यांची कथा थोडी गमतीची आहे. टाळ आणि मृदंग देवळातून चर्चमध्ये आले; हार्मोनियमचा प्रवास उलट दिशेने झाला. पाश्चात्त्यांबरोबर आलेली ही पेटी कीर्तनात अशी रुळली, की तिचे परकेपण आज कोणास आठवत नाही.

टिळक ९ मे १९१९ रोजी मुंबईत निवर्तले. ख्रिस्तचरित्रावरील ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे ओवीबद्ध काव्य तेव्हा अपुरे होते. विवाहाच्या वेळी ज्यांना अक्षरओळखही नव्हती, त्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले, आणि तेही ओवीतच.