ज्वारीची शिदोरी

सोलापूर जिल्ह्यातील काळ्या रानात रब्बी ज्वारीची पेरणी भाद्रपद-आश्विनात होते. परतीचा पाऊस सरला, की पीक हाती येईपर्यंत बहुधा आभाळातून थेंब पडत नाही. जमिनीने पोटात साठवलेली ओल हीच काय ती ज्वारीची शिदोरी. त्या ओलीवर तिला वाढावयाचे असते, पोटरीत यावयाचे असते, निसवावयाचे असते आणि शेवटी कणसात दाणा भरावयाचा असतो. शिदोरी मोजकी आणि वाट चार महिन्यांची! ही शिदोरी ज्वारी कशी पुरवते, हे पाहण्यासारखे आहे.

वनस्पती मुळांनी जे पाणी शोषून घेतात, त्याच्या शंभर भागांपैकी नव्वदांहून अधिक भाग वाफ होऊन हवेत निघून जातात. या क्रियेला बाष्पोच्छ्वास म्हणतात. पानांवर नुसत्या डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे असतात. ती पर्णरंध्रे होत. ही वाफ मुख्यतः त्यांतूनच बाहेर पडते. प्रत्येक रंध्राच्या दोन्ही बाजूंस एकेक रक्षक पेशी असते. या पेशी पाण्याने फुगल्या, की रंध्र उघडते. त्या सैलावल्या, की ते मिटते.

मग ज्वारीने ही दारे कायमची लावून का घेऊ नयेत? तसे केले, तर पाणी वाचेल खरे. पण त्याच दारांतून कार्बन डायऑक्साइड वायू आत येतो आणि तो व पाणी यांपासून पान सूर्यप्रकाशात अन्न तयार करते. दारे उघडी ठेवावीत, तर तहान. लावून घ्यावीत, तर उपासमार! दुष्काळात सापडलेल्या रोपापुढे रोज हाच पेच उभा असतो.

दारे केव्हा लावावीत, याची वर्दी रोपाला कशी मिळते? माती सुकू लागली, की रोपात ॲबसिसिक आम्ल नावाचे एक द्रव्य वाढते. त्याचा परिणाम होताच रक्षक पेशींतील क्षार व त्यांच्या पाठोपाठ पाणी बाहेर पडते आणि रंध्रे मिटतात. १९६३ साली अमेरिकेत ॲडिकॉट व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे द्रव्य कपाशीच्या कोवळ्या बोंडांतून वेगळे केले. पुढे १९६९ साली इंग्लंडमधील संशोधकांना असे आढळले, की गव्हाची पाने कोमेजू लागली म्हणजे त्यांतही हेच द्रव्य झपाट्याने वाढते.

दारे लावून घेऊन ज्वारी थांबत नाही; ती आपला खर्चही आवरते. नवी पाने लहान निघतात. कारण आत पाण्याचा दाब असल्याखेरीज कोवळ्या पेशी ताणल्या जाऊन मोठ्या होत नाहीत. भर दुपारी पान कडा आत वळवून सुरळी करते, म्हणजे त्याचा थोडाच भाग उन्हात राहतो. पानांवर व ताटावर मेणाचा पांढुरका थर असतो. तोही ओल अडवतो. फारच ताण पडला, तर खालची जुनी पाने वाळून जातात. वर अशी काटकसर चालू असता मुळे मात्र ओलीच्या शोधात खोल जात असतात. चांगल्या जमिनीत ती दीड मीटरपर्यंतही पोहोचतात.

तथापि या शहाणपणालाही मर्यादा आहे. ऐन निसवण्याच्या किंवा दाणा भरण्याच्या वेळी ओल संपली, तर कणीस भरत नाही. दाणे बारीक राहतात आणि वर्षभराच्या भाकरीची चिंता घरात शिरते. म्हणून जाणता शेतकरी कोळपणी चुकवीत नाही. काळी जमीन वाळताना भेगाळते. त्या भेगांतून ओल उडून जाते आणि मुळेही तुटतात. कोळप्याने भेगा बुजल्या, की उरलेली ओल जमिनीतच राहते.

पानांची दारे ज्वारी लावून घेते. जमिनीची दारे शेतकरी लावतो. दोघांनी मिळून राखलेली ती ओलच अखेर भाकरी होऊन ताटात येते.